शेडच्या दाराबाबत

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, कार्डावरच्या अडीच ओळी. "मी बरी आहे. वॉर्डात गडबड आहे. तब्येतीला जप." एवढं तर तू पेशंटना घरी सोडतानाही सांगत असशील. पण आलं हे खरं. आई गेल्यापासून दोन वर्षांत तुझी सात कार्डं आली. त्याआधीच्या बारा वर्षांपेक्षा बरंच, म्हणून कुरकुर करत नाही.

इकडे मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण कामाच्या आड येत नाही. दुकानात आता चष्म्याच्या काचा घासायचं नवं मशीन आलंय. आमच्या मालकाला मी मनातल्या मनात 'भिंग' म्हणते, हे तुला सांगितलंय ना? तर भिंग त्या मशीनला हात लावत नाही आणि मलाही लावू देत नाही. सगळं काम जुन्याच मशीनवर. नवं नुसतं पुसायचं.

आता मुख्य गोष्ट. नगरपालिकेचं पत्र आलंय. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडबद्दल. ती म्हणे विनापरवाना आहे. असेलही. इतकी वर्षं उभी आहे, तिला आता परवाना कुठून आणू? पाडा म्हणतायत तर पाडू. माझं भांडण शेडसाठी नाहीच. माझं भांडण भाषेशी आहे. तूच बघ:

"सदर शेड पंधरा दिवसांत काढून घ्यावी. कसूर केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल, याची गांभीर्याने नोंद घ्यावी."

गांभीर्याने! म्हणजे एरवी मी काय फिदीफिदी हसत घेणार होते? पन्नास वर्षं या गावात राहते, कर वेळेवर भरते, कचरा वेगवेगळा देते. मी काय चोर आहे? 'कृपया' नाही, 'नमस्कार' नाही. एकदम मानगूट.

वाचता वाचता मला बाबांच्या चिठ्ठ्या आठवल्या. स्वयंपाकघराच्या दारावर लावायचे ना? "न्हाणीघरातील दिवा विनाकारण चालू राहिल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी खुलासा करावा." तू नऊ वर्षांची असताना कप फोडलास तेव्हा तुझ्याकडून लेखी खुलासा घेतला होता त्यांनी. तू लिहिलं होतंस, "कप आधीच फुटायला आला होता." मी तेव्हा हसून हसून लोळले होते. नंतर तुला संध्याकाळी जेवायला मिळालं नाही, तेव्हा हसू गेलं.

असो. मी नगरपालिकेला उत्तर पाठवलंय. विषय: आपल्या पत्रातील उर्मट भाषेबाबत. सडकून लिहिलंय. भिंगाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "ताई, शेड पाडायची का नाही हे लिहायचंच राहिलं की यात."

राहिलं खरं. लिहीन पुढच्या वेळी.

जप.

तुझी,
ताई


दि. २ मार्च

प्रिय चिंगी,

तुझं कार्ड मिळालं. "पाडायला सांगतायत तर पाड. मला त्या शेडबद्दल काही लिहू नकोस." बरं. पण मग कुणाला लिहू? भिंगाला? तो सगळ्यावर "बघू" म्हणतो.

आणि हे शेडबद्दल नाहीच, भाषेबद्दल आहे, हे मी आधीच सांगितलं.

नगरपालिकेचं उत्तर आलं. माझ्या तक्रारीला एका ओळीत वाटेला लावलंय: "आपण वापरलेल्या 'उर्मट' या शब्दाची कार्यालयाने नोंद घेतली आहे." झालं. नोंद घेतली आहे! शाळेत मास्तर फळ्याच्या कोपऱ्यात नाव लिहून ठेवायचे तसं.

दुकानात मात्र या पत्राचा उपयोग होतोय. जवळचं दिसतं का हे बघायला आमच्याकडे एक छापील तक्ता असतो, तो फाटलाय. म्हणून मी हे पत्रच पुढे करते. परवा एका आजोबांनी नवा चष्मा घालून खणखणीत वाचलं, "कसूर केल्यास!" आणि पत्र खाली ठेवून म्हणाले, "नंबर बरोबर आहे, पण मला भीती वाटायला लागली."

मलाही जरा वाटली, चिंगे. पत्राच्या शेवटी हा परिच्छेद आहे:

"निरीक्षकांनी समक्ष पाहणी केली असता सदर शेडचे दार बाहेरून बंद असल्याचे आढळले. ते कोणी व कोणत्या कारणास्तव बंद केले, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा."

साधी गोष्ट आहे. माणूस मागच्या बोळातून आला, मी दुकानात होते, दाराला कुलूप होतं, त्याला आत बघता आलं नाही. म्हणून विचारलं. मला कळतंय ते. मी हे वाक्य दहा वेळा वाचलं आणि दहाही वेळा मला ते कळलं. पण "कोणी व कोणत्या कारणास्तव" हे असं कोणी विचारतं का? कुलूप आहे, किल्ली द्या, एवढं पुरे होतं की.

मी उत्तर दिलं की शेड वापरात नाही, उंदीर शिरतात म्हणून दार बंद ठेवलं आहे. पत्र टपालपेटीत टाकलं आणि घरी येऊन बसले. दुपारचे तीन झाले होते. दुकानाला सुट्टी होती. घरात एवढी शांतता, की फ्रिज बंद पडल्यावर दचकले.

बाबा गेल्यावर मीच लावलेलं ते कुलूप चौदा वर्षांत काढलेलं नाही, हे तुला माहीत नसेल. आईनं कधी काढायला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाबांचं टेबल, खुर्ची, त्यांचे ते दोरीनं बांधलेले गठ्ठे, सगळं तसंच असेल. वाळवी लागली असेल. लागू दे.

तू लिहू नको म्हणालीस आणि मी पान भरून तेच लिहिलं. रागावू नकोस. तिकडे उन्हाळा सुरू झाला का? इथे पत्रे आत्तापासूनच तापायला लागलेत.

तुझी,
ताई


दि. १९ मार्च

प्रिय चिंगी,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरून चालले नव्हते, तरी टपालवाला आला की उठतेच.

जे झालं ते सरळ सांगते. तिसरं पत्र आलं. मी त्यातला मजकूर जसाच्या तसा लिहिते, म्हणजे मी मनाचं काही घातलं असं तुला वाटायला नको:

"दि. ११ रोजी दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी पुनश्च पाहणी केली असता शेडमध्ये व्यक्ती असल्याचे आढळले. दार उघडण्याची आतून वारंवार मागणी होत असतानाही ते उघडण्यात आले नाही. ही बाब अत्यंत गंभीर आहे."

मी ते उभ्यानं वाचलं आणि तशीच मागच्या अंगणात गेले. कुलूप होतं तसं. गंजलेलं, कोळ्याच्या जाळ्यासकट. जाळंही तुटलेलं नव्हतं. मी दाराला कान लावला नाही. लावायला हवा होता, पण नाही लावला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून नगरपालिकेत गेले. बाबा असताना आपण दोघी एकदा डबा द्यायला गेलो होतो, आठवतं? तेच. तोच जिना, तोच भिंतीला लागलेला तेलकट हातांचा पट्टा. फक्त टेबलांवर आता कॉम्प्युटर आहेत. पत्रव्यवहार विभागात एक बाई बसतात. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर. माझ्यानं राहवेना. "द्या इकडे," म्हटलं, आणि बोलता बोलता त्याच्या नाकावरच्या टेकण्या दाबून दिल्या. बाई खूश झाल्या.

मी पत्रं पुढे ठेवली. म्हटलं, "ही भाषा कुणाची?"

बाईंनी माझं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही भाऊसाहेबांची मुलगी ना? अहो, ही भाषा त्यांचीच. आमचे सगळे मसुदे त्यांनी करून ठेवलेत. पाणी तोडायचं, झाड तोडायचं, शेड पाडायची, सगळे. आम्ही फक्त नाव आणि तारीख बदलतो."

"इतकी वर्षं?"

"बदलायला कुणी सांगितलंच नाही." बाई हसल्या. "माणूस गेला, पण दरारा बघा."

मला हायसं वाटलं, खरंच. म्हणजे मला ओळखीचं वाटलं ते उगाच नव्हतं. बाबांनीच लिहिलेल्या ओळी बाबांच्याच घरी आल्या होत्या. गंमतच म्हणायची. मग मी तिसऱ्या पत्रातला तो परिच्छेद दाखवला. "आणि हे? 'आतून वारंवार मागणी'? हे पण मसुद्यात आहे?"

बाईंनी वाचलं. परत वाचलं. म्हणाल्या, "हे नाही. हे निरीक्षकांच्या अहवालातून घेतलेलं असतं." आणि त्यांनी निरीक्षकालाच बोलावलं.

पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, हातात चहाचा पेला. नवा आहे, दोनच वर्षांपूर्वी बदली होऊन आलाय. बाबांना त्यानं कधी पाहिलेलं नाही. मला बघताच चिडला. "बाई, म्हाताऱ्या माणसाला असं कोंडून ठेवतात? एवढ्या उन्हात? पत्र्याखाली?"

मी म्हटलं, "आत कोणी नाही."

"नाही कसं? मी बोललो त्यांच्याशी."

चिंगे, त्यानं सांगितलं तसं लिहिते. तो बोळातून आला, दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "ताबडतोब उघडा." म्हातारा आवाज, पण खणखणीत. तो म्हणाला, "आजोबा, कुलूप आहे, किल्ली कुणाकडे आहे?" त्यावर आतून उत्तर मिळालं. काय उत्तर मिळालं ते मी आत्ता लिहीत नाही. मग तो म्हणाला, "थांबा, घरात बघतो," आणि पुढच्या दारी येऊन त्यानं घंटा वाजवली. मी दुकानात होते. परत मागे गेला तेव्हा आवाज बंद झाला होता.

"आणि दाराखालून हा कागद आला," तो म्हणाला. "तेव्हा मी म्हटलं, लिहिताही येतंय त्यांना, म्हणजे शुद्धीवर आहेत."

फाइलीत टाचून ठेवलेला कागद त्यानं काढून दाखवला. पिवळा पडलेला फुलस्केप. डाव्या बाजूला समासाची घडी घातलेली, नखानं दाबून. कोरा. दोन्ही बाजूंनी कोरा.

बाई म्हणाल्या, "पाणी हवं का तुम्हाला?"

मी घरी आले. कशी आले आठवत नाही. निरीक्षकाला कुणी फसवलं असेल, बोळातल्या कुणी टवाळखोरानं आवाज काढला असेल, असं मी स्वतःला सांगतेय. त्या कागदाचं काय करायचं तेवढं कळत नाही. दाराखालून कागद यायचे, हे कुठल्या टवाळखोराला माहीत असणार? ते कुणालाच माहीत नव्हतं.

हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे.

ताई


दि. ६ एप्रिल

चिंगी,

हे पत्र एका बैठकीत वाच. वॉर्डातून घरी गेल्यावर, हातपाय धुऊन, बसून.

दार मी लावलं होतं.

गेले पंधरा दिवस मी हे कुणाला तरी सांगायचा प्रयत्न करतेय. आधी, तुला हसू येईल, मी ते नगरपालिकेला लिहिलं. त्यांनी विचारलंच होतं, कोणी आणि कोणत्या कारणास्तव. चार पानं लिहिली आणि दिली पाठवून. तुला लिहिण्यापेक्षा ते सोपं वाटलं. आठ दिवसांनी लखोटा परत आला. माझी चारही पानं त्यात होती, आणि वर त्या चष्मावाल्या बाईंच्या हातानं लिहिलेली एक चिठ्ठी: "हा खुलासा आमच्याकडे द्यायचा नाही. ज्यांना द्यायचा त्यांना द्या. मी कुणाला दाखवलेला नाही." या सगळ्या प्रकरणात माणसासारखी लिहिलेली तेवढी एकच चिठ्ठी.

तर ऐक. त्या दिवशी सकाळी बाबांना तुझं तिकीट सापडलं. त्याआधीच त्यांनी तुझ्या नावानं नर्सिंगच्या शाळेला पत्र पाठवलं होतं, की मला जागा नको. तुझी सही करून. ते तुला त्या सकाळी कळलं आणि तुम्ही दोघं जे भांडलात ते आईला सोसवेना. ती मामाकडे निघून गेली. बाबा म्हणाले, "पाहतो कशी जातेस." जेवण झालं आणि ते नेहमीप्रमाणे शेडमध्ये जाऊन बसले. दार उघडं ठेवून. तिथून घराच्या आरपार पुढचं दार दिसतं.

तू पायांत चपला घालत होतीस, सव्वादोन वाजले होते. मी मागे गेले. ते पाठमोरे होते, गठ्ठा सोडत होते. मी हळूच दार ओढलं आणि कडी घातली. तू निघून जाईपर्यंत. अडीचची बस सुटली की उघडायचं, शिव्या खायच्या, संपलं. एवढंच डोक्यात होतं. तुला हात केला तेव्हा मी हसत होते, आठवतं? तुझ्यासाठी काहीतरी केलं म्हणून हसत होते.

अडीच वाजले. त्यांनी दार ढकलून पाहिलं असणार. मग सुरू झालं. "ताबडतोब उघडा." उघड नाही, उघडा. जसं कचेरीत आलेल्या माणसाला म्हणत. मी उठले होते गं. खरंच उठले होते. पण तो आवाज ऐकला आणि परत बसले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तो आवाज दाराच्या पलीकडे होता आणि मी अलीकडे. म्हटलं, आणखी दहा मिनिटं. मग म्हटलं, चहा होऊ दे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दाराची फट दिसते. तिथून कागद बाहेर आला. मी जाऊन उचलला, वाचला, आणि मस्तक फिरलं. आत कोंडलेला माणूस मला नोटीस पाठवतो! "विषय: दार बाहेरून बंद केल्याबाबत." मी परत आत येऊन बसले. थोड्या वेळानं दुसरा आला. तोही वाचला. वर 'स्मरणपत्र' असं लिहिलेलं. पुढचं मी नीट वाचलंच नाही. त्यात काय आहे ते तू वाचशील.

तिसरा कागद आला तेव्हा मी खिडकीतून पाहिला आणि गेले नाही. म्हटलं, पुन्हा तेच असणार.

चारच्या सुमाराला आवाज थांबला. मला वाटलं, झोपले. बरं वाटलं. किती शांत होतं घर! मी कपड्यांच्या घड्या घातल्या.

साडेपाचला आई आणि मामा पुढच्या दारी आले, तेव्हा मी मागे धावले आणि कडी काढली. ते दाराला टेकूनच बसलेले होते. माझ्या अंगावर आले. तिसरा कागद उचलून मी आधीच्या दोघांबरोबर ओढणीत लपवला आणि मग ओरडले.

मामानं विचारलं, "कडी बाहेरून होती? कोणी लावली?" मी म्हटलं, "मी आत्ताच दुकानातून येतेय."

एवढं एकच वाक्य खोटं बोलले. बाकीचं सगळं त्या वाक्यानं आपोआप केलं. मामा म्हणाला, "धाकटी भांडून गेली ना?" आई म्हणाली, "तिला सांगा, तोंड दाखवू नकोस." डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं, मामानं सगळ्यांना गप्प केलं, आणि तुला बापाच्या प्रेतालाही येऊ दिलं नाही. मी तिथेच उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मी 'नाही' म्हटलं नाही. रोज म्हणता आलं असतं. आई बारा वर्षं जिवंत होती.

आता ते, जे मागच्या पत्रात लिहिलं नाही. निरीक्षकानं "किल्ली कुणाकडे आहे?" असं विचारल्यावर आतून उत्तर आलं होतं, "थोरलीकडे."

परवा शेड पाडली. निरीक्षक स्वतः आला होता, बरोबर तीन मजूर. किल्ली कुलुपात फिरेना, शेवटी कोयंडाच उचकटला. दुपारची वेळ. दार उघडलं आणि आतून वाफ आल्यासारखी गरम हवा बाहेर आली. आत टेबल, खुर्ची, वाळवीनं पोखरलेले गठ्ठे. कोणी नाही. धुळीवर पावलं नाहीत. मजूर आत शिरायला निघाले तर निरीक्षकानं हात आडवा घालून त्यांना थांबवलं. आणि तो स्वतः बाजूला झाला, अंग चोरून, भिंतीला पाठ लावून. जसं जिन्यात एखाद्या मोठ्या माणसाला वाट देतात तसं. मीही झाले. का ते विचारू नकोस. थोडा वेळ आम्ही तसेच उभे राहिलो. मग तो म्हणाला, "हं. घ्या आता." संध्याकाळपर्यंत सपाट झालं.

त्याच दिवशी मी मामाकडे गेले आणि त्याला, मामीला, सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. मामा आता ऐंशीचा आहे. ऐकून त्यानं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, "झालं ते झालं. आता कशाला उकरून काढतेस? धाकटीनं सवय करून घेतलीये." मी म्हटलं, "मामा, सवय तुम्ही करून घेतलीत." मामीनं चहाचा कप माझ्यापुढून उचलला. मी निघून आले. त्या घरी परत बोलावतील असं वाटत नाही, आणि माझी काही तक्रार नाही.

दुसरी एक गोष्ट राहते. ती मला चौदा वर्षं झोपू देत नाहीये, पण विचारायचा धीर झाला नाही.

तू निघालीस तेव्हा मी घरी होते. मी तुला हात केला. मी दुकानात नव्हते, हे जगात फक्त तुला माहीत होतं. मामानं तुला फोनवर नाही नाही ते ऐकवलं तेव्हा तू एकदा म्हणाली असतीस, "ताई घरी होती," तर संपलं असतं. तू नाही म्हणालीस. "मी लावलं नाही," एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास.

तू ओळखलं होतंस ना? पहिल्या दिवसापासून?

आणि मी तुला कार्डं कमी येतात म्हणून बोलत होते.

सोबत तीन कागद पाठवतेय. पहिले दोन माझ्या नावानं आहेत. पहिल्यात तेच, कसूर आणि परिणाम. दुसऱ्यात लिहिलंय, "आत उष्मा फार आहे. पाणी संपले आहे. दार उघडण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती." विनंती हा शब्द बाबांच्या हातानं लिहिलेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. तिसरा मी त्या रात्रीनंतर कधी उघडला नव्हता. काल उघडला. त्याला समासाची घडी नाही, विषय नाही, तारीख नाही. अक्षर उतरत गेलंय. लिहिलंय:

"बाळ, दार उघड. तिला जाऊ दे. मी अडवणार नाही."

हा कागद तुझा होता. तो चौदा वर्षं माझ्या कपाटात होता.

मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही, कारण मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव तसा आहे. तू ये किंवा येऊ नकोस. कुणाला दाखवायचं असेल तर हे पत्र दाखव, पोलिसांना दाखवायचं असेल तर त्यांनाही. मी इथेच आहे, दिवसा दुकानात, संध्याकाळनंतर घरी. मागचं दार उघडंच असतं आता.

वरील मजकूर मी स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीवर, कोणी सांगितलं म्हणून नाही, असा लिहिला आहे. तो खरा आहे.

ताई

सोबत: बाबांच्या अक्षरातले कागद तीन.